हवामान बदलावर विद्यार्थ्यांचं काम : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतची शाळा-कॉलेजातली मुलं, त्यांचे पालक आणि काही शिक्षक हे प्रश्न सतत पाठवत असतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी ठेवलं आहे. हवं ते उत्तर सुटं वाचा. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हवामान बदल म्हणजे नक्की काय? आमच्याकडे पाऊस पूर्वीपासून लहरीच आहे.

पाऊस लहरी होताच. म्हणून एका वर्षावरून काही ठरवायचं नसतं, निदान तीस वर्षांच्या नोंदी बघायच्या असतात. कोळसा, पेट्रोल, डिझेल आणि गॅस जाळून हवेत कार्बन डायऑक्साइड साठत गेला आणि त्याने उष्णता धरून ठेवली. ही जादा उष्णता ९० टक्क्यांहून जास्त समुद्राने पोटात घेतली आहे. अरबी समुद्रही तापला आहे, आणि चक्रीवादळाला जोर मिळतो तो तापलेल्या पाण्यातून. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन-मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं.

बागायतदाराला हे वेगळं सांगायला लागत नाही. हापूसला मोहोर फुटायला थंडी लागते. ती लांबली की हंगाम लांबतो. मोहोरावर अवकाळी पाऊस पडला की भुरी आणि तुडतुडे येतात, आणि फळ तयार होताना उन्हाचा तडाखा बसला की आतला गर खराब होऊन साका धरतो.

२. मग चिपळूणचा पूर हवामान बदलामुळेच आला असं फलकावर लिहावं का?

लिहू नका. चुकीचं लिहिलं तर पहिलाच जाणकार माणूस तुम्हाला गप्प करेल आणि बघणाऱ्यांना तेवढंच लक्षात राहील.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं त्याला कारणं अनेक होती. पाऊस प्रचंड पडला. वाशिष्ठी आणि शिवनदी गाळाने उथळ झाल्या होत्या. पूररेषेच्या आत भराव आणि बांधकामं होती. खाडीला भरती असली की नदीचं पाणी उतरायला वाट मिळत नाही. यातला हवामान बदलाचा संबंध मुख्यतः पहिल्या कारणाशी आहे : तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं, त्यामुळे थोड्या वेळात खूप पाऊस पडण्याचे प्रसंग वाढतात. बाकीची कारणं आपण इथेच तयार केलेली आहेत. शहर २६ जुलै २००५ लाही बुडालं होतंच.

तुमच्या कामाला हा फरक फार उपयोगी आहे. पाऊस थांबवा असं तहसीलदारांना सांगता येत नाही. गाळ काढा, आणि निळ्या पूररेषेच्या आत नवं बांधकाम होऊ देऊ नका, हे सांगता येतं. (निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.) पुरानंतर चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले ते गाळासाठीच, म्हणून प्रशासनाला उत्तर द्यावं लागलं.

फलकावर असं लिहा : ‘पाऊस वाढणार आहे, नदी मोकळी ठेवा.’

३. आम्ही विद्यार्थी, प्रदूषण आम्ही केलेलं नाही. आम्ही यात का पडायचं?

कारण निस्तरायचं तुम्हालाच आहे. भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० साल ठरवलं आहे. आज दहावीत असलेली मुलगी तेव्हा साठीला आलेली असेल. भारतीय माणसाचं सरासरी उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे हे खरं, आणि ते ठणकावून सांगावं. पण वादळ ते बघून वाट वाकडी करत नाही. शिवाय निसर्गाचं रक्षण करणं हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१क (छ) मध्ये प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. त्याला वयाची अट नाही.

४. घरचे म्हणतात, हे परदेशातलं खूळ आहे. त्यांना काय सांगू?

शुक्रवारी शाळा सोडून बसण्याची पद्धत स्वीडनमधली आहे. ग्रेटा थुनबर्गने ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या संसदेसमोर ती सुरू केली. पण साध्या माणसांनी एकत्र येऊन सत्तेला जाब विचारणं कोकणाला नवं नाही. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरण तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून १९३९ पर्यंत संप चालवला. इतकी वर्षं शेत पडीक ठेवणाऱ्या घरांत चूल कशी पेटत असेल, याचा विचार करावा असा तो लढा आहे.

मीठ, जंगल, पाणी, जमीन. प्रत्येक वेळी माणसं जगण्याच्या वस्तूसाठीच उठली. आजोबांना त्यांच्या आजोबांबद्दल विचारा. बोलणं तिथून सुरू होईल.

५. आम्ही पाच-सहाजणच आहोत. सुरुवात कुठून करू?

गावातून एक फेरी मारा. एकदा उधाणाच्या भरतीला, एकदा ओहोटीला.

खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या) बांधावर उभं राहिलात की काय बघायचं ते सांगतो. उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप पुरती बसते का, की फटीतून खारं पाणी आत झिरपतंय? बांधाला खेकड्यांनी किती बिळं पाडली आहेत? गेल्या उधाणाला पाणी कुठवर चढलं होतं? ते कचऱ्याच्या आणि वाळलेल्या शेवाळाच्या रेषेवरून समजतं. आतल्या शेतात कडेने पांढुरकी खपली दिसते, तिथे भात उभं राहत नाही. एकदा बांधाला खांड (भगदाड) पडून खारं पाणी शेतात भरलं की पुढचे काही पावसाळे मीठ धुऊन जाण्याची वाट बघावी लागते.

आता जेटीच्या खांबावर किंवा बांधाच्या दगडावर ऑइलपेंटने सेंटीमीटरच्या खुणा करा. आधी ग्रामपंचायतीला सांगा. प्रत्येक पौर्णिमा-अमावास्येला पाणी कुठे आलं ते तारीख, वेळ आणि फोटोसह वहीत लिहा. त्यातून समुद्र वर्षाला किती चढतोय हे सिद्ध होणार नाही, त्याला कित्येक दशकांच्या नोंदी लागतात. पण ‘या उधाणाला पाणी बांधाच्या माथ्यापासून एवढंच खाली होतं’ हे वाक्य कुठल्याही घोषणेपेक्षा वजनदार असतं. पाच-सहाजण या कामाला पुरतात.

६. मागणी काय ठेवायची? ‘पृथ्वी वाचवा’ चालेल का?

ज्या मागणीवर सही करणारा माणूस तालुक्यात किंवा जिल्ह्यात सापडतो, तीच मागणी ठेवा. या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. ‘पृथ्वी वाचवा’ला साहेब टाळ्या वाजवतात, चहा पाजतात आणि फोटो काढून घेतात. ‘अमुक बांधाची उघाडी पावसाळ्याआधी बदला’ म्हटलं की त्यांना फाइल उघडावी लागते.

बांधाचं काम खारभूमी विभागाकडे असतं. पण बांध शासकीय योजनेतला आहे की खासगी, ते आधी तपासा, कारण खासगी बांधाची जबाबदारी शेतकऱ्यांवर असते आणि तिथे मागणी वेगळी ठेवावी लागते : योजना शासनाने ताब्यात घ्यावी. कॉलेज सुटल्यावर दीड-दोन तास एसटी नसते म्हणून मुलं दुचाकी घेतात; जादा फेरीसाठी आगार व्यवस्थापकाकडे जा. ही हवामानाचीच मागणी आहे, शिवाय मुलींच्या सुरक्षिततेची. फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावर (कातळाच्या पठारावर) वणवे लागतात आणि काजू-आंब्याच्या बागा जळतात. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढायचं काम वनपरिक्षेत्र अधिकारी आणि ग्रामपंचायत यांचं. कांदळवनात डंपर माती टाकत असतील तर तहसीलदार आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष. कांदळवनाची तोड हे जगण्याच्या हक्काचं उल्लंघन आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलेलं आहे. निवेदनात त्याचा उल्लेख जरूर करा.

एका वेळी एकच मागणी. दहा मागण्यांचं निवेदन कुणीच वाचत नाही.

७. निवेदन कसं लिहायचं?

एका पानात. वर अधिकाऱ्याचं पदनाम (नाव नको, बदली होते), विषय एका ओळीत, मग काय पाहिलं, काय हवं आणि कधीपर्यंत हवं. सोबत वहीतल्या नोंदी आणि दोन फोटो. दोन प्रती न्या. एक आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ही पोच म्हणजे तुमचा सगळ्यात मोलाचा कागद. साहेब केबिनमध्ये प्रेमाने बोलले, पाठ थोपटली, म्हणून पोच न घेता परत येऊ नका.

८. माझं वय १६ आहे. ग्रामसभेत बोलता येईल का?

ग्रामसभेचे सभासद म्हणजे गावचे मतदार, त्यामुळे ठराव मांडणं आणि हात वर करणं हे १८ वर्षांवरच्यांचं काम. पण सरपंचांनी अनुमती दिली तर मुलांना आपलं म्हणणं सांगता येतं, आणि बहुतेक ठिकाणी कौतुकाने ऐकलं जातं. ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या रूढ तारखा. विषय आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी द्या म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल. आयत्या वेळचा विषय बहुधा शेवटी ढकलला जातो. ठराव मांडणारी आई, काकी किंवा बचतगटाची अध्यक्ष असेल तर फारच उत्तम. ठरावाची नक्कल घ्यायला विसरू नका.

पंचायतीने राज्य शासनाच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण अभियानात भाग घेतला आहे का तेही विचारा. घेतला असेल तर तुमचं काम त्यांच्या गुणांतही धरलं जातं, आणि सरपंच लवकर ऐकतात.

९. मोर्चा काढायला परवानगी लागते का?

शांतपणे, शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क अनुच्छेद १९(१)(ख) देतो, आणि कायद्याने त्यावर वाजवी बंधनं घातली आहेत. प्रत्यक्षात पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्यावा लागतो : तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या आणि जबाबदार सज्ञान व्यक्तीचं नाव. आठवडाभर आधी द्या. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी लागू आहे का, हे तिथेच विचारा. सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत ती बऱ्याचदा असते, आणि तेव्हा पाच किंवा जास्त माणसांच्या जमावालाही परवानगी लागते. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्याच महिन्यात मोर्चा नको. आधी निवेदन, मग ग्रामसभा, मग पथनाट्य, आणि उत्तर नाहीच आलं तर मोर्चा. मागे पोचांची फाइल असली की त्याच मोर्चाकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात.

१०. फक्त दहाजण फलक घेऊन एसटी स्टँडवर उभे राहिलो तर?

जमावबंदीचा नियम संख्येने लहान गटालाही लागतो, प्रश्न ९ बघा. शिवाय स्टँडचं आवार एसटी महामंडळाचं असतं, म्हणून आगार व्यवस्थापकांना कल्पना द्या. पंचायतीच्या मैदानात किंवा देवळाच्या सभामंडपात विश्वस्तांना विचारून जमलात तर निम्म्या अडचणी कमी होतात.

११. शाळा-कॉलेज बुडवून संप करावा का?

कॉलेजात हजेरीची ७५ टक्क्यांची अट असते आणि परीक्षेला बसू न दिल्याने आंदोलनाचं काही भलं होत नाही. स्वीडनमध्ये शाळा बुडवल्याची बातमी होते. आपल्याकडे मुलगी शाळेत टिकावी म्हणून आईबापांनी खस्ता खाल्लेल्या असतात, तिथे रिकामा वर्ग बघून गावाला सहानुभूती वाटत नाही. रविवार आहे, मधली सुट्टी आहे, बाजाराचा दिवस आहे.

कॉलेजात असाल तर राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाला. वर्षाला १२० तास काम करायचंच असतं, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. बांधाची पाहणी, विहिरींच्या पाण्याच्या खारटपणाच्या नोंदी, जाळरेषा ही कामं त्यात अधिकृतपणे बसतात. मात्र शिबिराच्या नावाखाली मोर्चा काढू नका. कार्यक्रम अधिकारी अडचणीत येतात.

१२. सर-मॅडमना बरोबर घ्यावं का?

अभ्यासासाठी जरूर घ्या. नकाशे वाचणं, पर्जन्यमापक बसवणं, निवेदनाची भाषा तपासणं यात त्यांची मदत मोठी असते. पण जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतल्या शिक्षकांना सेवा-वर्तणुकीचे नियम असतात. त्यांना मोर्चाच्या पुढे उभं करू नका आणि अर्जावर त्यांची सही मागू नका. नाही म्हणणाऱ्या शिक्षकाला भित्रा म्हणणंही बरं नव्हे, त्याच्या घरचा पगार तोच असतो.

१३. वर्षातला कुठला काळ चांगला?

गणपती. चाकरमानी गावात असतात, एरवी बंद असलेली घरं उघडलेली असतात, आणि आरतीला वाडीतलं प्रत्येक माणूस भेटतं. दहा मिनिटांचं पथनाट्य, सह्यांची मोहीम, वाडीची बैठक, सगळं या दिवसांत होतं. गावाचे निम्मे निर्णय मुंबई मंडळाच्या (मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या) बैठकीत होतात, हे विसरू नका. सड्यावरची जमीन विकायची की नाही हे ठरवणारा काका बहुतेक वेळा डोंबिवलीत किंवा विरारला राहतो. त्याच्याशी बोलायची हीच वेळ.

शिमग्यात पालखीच्या मानपानात लुडबुड नको, पण वणव्याचा विषय नेमका तेव्हाचा असतो. नमन-खेळे, जाखडी करणाऱ्या मंडळींना विचारा. आपल्या वगात किंवा गाण्यात ते विषय असा घालतात की तुमच्या तासाभराच्या भाषणाने होणार नाही ते काम होतं. सिंधुदुर्गात दशावतारी कलाकारांचंही तसंच.

१ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि जाळी विणायला माणसं घरी असतात, तेव्हा मच्छीमार सोसायटीत जाऊन बसा. एरवी त्यांना वेळ नसतो. एप्रिल-मे मध्ये बागायतदाराच्या वाटेला जाऊ नका, तो पेट्या भरण्यात असतो. लावणीच्या आठवड्यात सभा ठेवली तर कुणी येणार नाही.

१४. किनारा साफ केला म्हणजे हवामानाचं काम झालं ना?

किनारा साफ झाला, एवढंच. प्लास्टिक आणि तापमानवाढ यांचं मूळ खनिज इंधनातच आहे, पण पोती भरल्याने उत्सर्जन कमी होत नाही. तरी सफाईला मोल आहे : माणसं एकत्र येतात, एकमेकांची नावं कळतात. सफाई संपल्यावर अर्धा तास बसून प्रश्न ६ मधल्या मागणीबद्दल बोला.

वेळ ओहोटीची धरा. मोबाइल नसेल तर आजीचा हिशेब वापरा : तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. पावसाळ्यात पाण्यात उतरू नका. सुया आणि औषधांच्या बाटल्यांना हात लावू नका, त्या वेगळ्या जमा करायला पंचायतीला सांगा. निळ्या फुग्यांसारखे, जेलीफिशसारखे प्राणी वाळूत मेलेले दिसले तरी डंख करतात. डांबरगोळे लागले तर खोबरेल तेलाने निघतात.

१५. एक हजार झाडं लावायची आहेत. कुठे लावू?

आधी ‘कुठे लावायची नाहीत’ ते सांगतो. सड्यावर नाही. उजाड दिसणारा कातळ पावसाळ्यात इवल्या फुलांनी भरतो, त्यातली काही फुलं जगात इतरत्र नाहीत, आणि सड्यावर जिरलेलं पाणीच खालच्या वाडीच्या विहिरीला येतं. खड्डे खणून तिथे परकी झाडं लावणं म्हणजे नुकसान. पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) सुरूची रांगही नको. कासविणीला अंडी घालायला मोकळी वाळू लागते. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले येतात. वाळू जास्त तापली की पिल्लांत माद्याच जास्त निपजतात, त्यामुळे कासवांसमोर तापमानवाढीचं संकट आहेच, त्यात आपली भर नको. वाळू धरायला मर्यादवेल आणि केवडा राखा.

कांदळवन लावायचं तर कांदळवन कक्षाच्या मार्गदर्शनानेच, कारण चुकीच्या चिखलात लावलेली रोपं मरतात आणि त्या चिखलावर जगणाऱ्या पक्ष्यांची, तिसऱ्या-कालवांची जागा जाते. खरं तर असलेलं कांदळवन कुणी तोडू नये यावर लक्ष ठेवणं, हे एक हजार रोपांहून मोठं काम आहे. हजार लावायचीच असतील तर परसात, शाळेच्या कुंपणाला, ओढ्याकाठी देशी झाडं लावा, आणि तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याची यादी आधी करा.

१६. माहितीचा अधिकार विद्यार्थ्याला वापरता येतो का?

येतो. २००५ च्या कायद्यात ‘नागरिक’ एवढीच अट आहे, वयाची नाही. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. ‘बांध का दुरुस्त केला नाही?’ असं विचारू नका. ‘अमुक योजनेच्या दुरुस्तीचं गेल्या पाच वर्षांतलं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तकाच्या प्रती द्या’ असं मागा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं. गावात वातावरण तापलेलं असेल तर अर्ज सज्ञान माणसाच्या नावाने करा. मुलाचं नाव आणि पत्ता ठेकेदारापर्यंत जाऊ नये.

१७. प्रकल्पाची जनसुनावणी लागली आहे. आम्हाला जाता येईल?

जाता येतं, आणि जावंच. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध हवा. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. तो गटाने वाटून घेऊन वाचा. तुमच्या गावचे ओढे, कांदळवन, कातळशिल्पं नकाशात आहेत का, बघा. पावसाळ्यातल्या पाण्याच्या नोंदी घेतल्या आहेत का, तेही तपासा. हरकत लेखी द्या आणि तोंडीही मांडा. चित्रीकरण होतं, इतिवृत्त तिथेच वाचून दाखवायचं असतं. आपला मुद्दा त्यात आला नाही तर तेव्हाच हात वर करा.

१८. जैतापूरच्या अणुप्रकल्पातून कार्बन येत नाही म्हणतात, आणि गाव मात्र विरोधात. हवामानाचं काम करणाऱ्यांनी कुठली बाजू घ्यायची?

हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. अणुवीज बनवताना कार्बनचं उत्सर्जन फार कमी होतं, हे खरं आहे. ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प म्हणून तो आखला गेला, हेही खरं. आणि माडबन परिसरातल्या लोकांची जमीन, साखरी नाट्याच्या मच्छीमारांची गरम पाण्याच्या विसर्गाबद्दलची भीती, सुरक्षिततेचे प्रश्न, हेही तितकंच खरं. कार्बन हा हिशेबातला एक रकाना झाला. माणसांचं जगणं दुसऱ्या रकान्यात येतं आणि पहिल्यातली बचत दाखवून दुसरा पुसता येत नाही.

नाणार-बारसूच्या तेल शुद्धीकरण प्रकल्पाचं गणित निराळं होतं, तिथे उत्सर्जनाचा मुद्दा सरळ विरोधाकडे नेतो. तरीही गावात दोन तट पडलेच. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाच्या वेळी आंदोलन झालं, तेव्हा एकाच घरात दोन मतं असलेली माणसं होती. नोकरी हवी म्हणणारा तरुण काही निसर्गाचा शत्रू नसतो.

शाळेतल्या मुलांच्या गटाने अशा वादात ठराव करून बाजू घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रश्न विचारावेत, अहवाल वाचावा, तो मराठीत सोप्या भाषेत गावाला समजावून सांगावा आणि दोन्ही बाजूंना खुलं निमंत्रण द्यावं. १८ वर्षांवरच्यांनी आपापल्या नावाने, नागरिक म्हणून हवी ती बाजू घ्यावी आणि ठाम राहावं.

१९. मैत्रिणीच्या वडिलांचे डंपर आहेत आणि आम्ही नेमकं भरावाविरुद्ध बोलतोय. तिला गटात ठेवू का?

ठेवा. तिला तिच्या घराविरुद्ध बोलायला लावू नका, फलक तिच्या हातात देऊ नका. तिला नोंदवही सांभाळू द्या किंवा पथनाट्यात पेटी वाजवू द्या. आणि घोषणा माणसाच्या नावाने नकोतच. भराव टाकणाऱ्याला परवानगी कुणी दिली, यावर बोट ठेवा. हेच एलईडी लावून मासेमारी करणाऱ्यांच्या मुलांबाबत.

२०. एक पक्ष मंडप आणि टी-शर्ट देतोय, एक कंपनीही पैसे द्यायला तयार आहे. घ्यावं?

दोन्ही नको. पक्षाचा टी-शर्ट घातला की दुसऱ्या पक्षाचा सरपंच तुमचं निवेदन उचलून बाजूला ठेवतो. लोकप्रतिनिधींना जरूर भेटा, सगळ्याच पक्षांच्या, आणि त्यांनाही निवेदन देऊन पोच घ्या. आचारसंहिता असताना उमेदवाराबरोबर एका व्यासपीठावर बसू नका. गावभर पावती फाडून वर्गणी काढायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेशोत्सव मंडळं घेतात तशी. म्हणून खर्चच कमी ठेवा : जुन्या पुठ्ठ्यांचे फलक, घरून डबे, पायी फेरी. जे थोडं लागेल ते आपसात काढा आणि हिशेब भिंतीवर लावा.

२१. रील टाकू का?

टाका, पण १८ वर्षांखालच्यांचे चेहरे पालकांच्या लेखी संमतीशिवाय नको. शाळेचं नाव आणि गणवेश दिसू देऊ नका. पाणी चढलेला बांध, कोरडी विहीर, काळवंडलेला मोहोर दाखवा. जुना व्हिडिओ आजचा म्हणून फिरवू नका, वादळाच्या दिवसांत तर अजिबात नाही. त्याने माणसं चुकीच्या दिशेला पळतात. अनोळखी लोक शिवीगाळ करतील तेव्हा उत्तर न देता स्क्रीनशॉट जपून ठेवा. धमकी असेल तर मोठ्यांना दाखवा आणि तक्रार करा.

२२. पोलिसांनी नोटीस दिली किंवा ठाण्यात बोलावलं तर?

घाबरू नका, पळूही नका. नोटिशीची प्रत घ्या, वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर १५ वर्षांखालच्या मुलांना आणि कुठल्याही वयाच्या स्त्रीला राहत्या घराखेरीज इतरत्र हजर राहायला भाग पाडता येत नाही. १८ वर्षांखालच्याला कोठडीत ठेवता येत नाही. अगदीच अपवाद सोडला तर स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही. स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे.

एक कडू गोष्ट आधीच सांगतो : गुन्हा नोंद झाला तर पासपोर्ट आणि सरकारी नोकरीच्या पडताळणीत त्याची अडचण येऊ शकते. म्हणून परवानगीचा अर्ज (प्रश्न ९) टाळू नका आणि रस्ता रोखायचा निर्णय मुलांच्या गटाने घेऊ नये.

२३. मुलींना बैठकीला घरून सोडत नाहीत.

मग बैठकीची वेळ बदला, मुलींना दोष देऊ नका. शेवटच्या एसटीच्या तासभर आधी बैठक संपायला हवी. जागा बंद खोलीपेक्षा शाळेचा व्हरांडा किंवा अंगणवाडी बरी. पहिल्या बैठकीला आयांना बोलवा. विहिरीचं पाणी कधीपासून मचूळ लागायला लागलं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं, आणि एकदा त्या बोलायला लागल्या की लेकीला आपणच पाठवतात.

२४. साहेब ‘बघतो’ म्हणाले. त्याला सहा महिने झाले.

पोच काढा आणि तिचा क्रमांक घालून स्मरणपत्र द्या. पंधरा दिवस थांबून माहिती अधिकारात ‘आमच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत’ मागा (प्रश्न १६). तेवढ्यानेच बऱ्याच फाइली हलतात. नाही हलली तर जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे ठरलेल्या नमुन्यात आधी अर्ज देऊन जा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला आहे. पण तिथे सहसा घटनेपासून सहा महिन्यांत जावं लागतं, त्यामुळे भराव किंवा तोड अशा प्रकरणांत ‘बघतो’वर सहा महिने घालवू नका, वकिलाचा सल्ला महिन्याभरातच घ्या.

२५. बारावी झाली की आम्ही पुण्या-मुंबईला जाणार. मग हे कोण चालवणार?

आठवी-नववीतल्या दोघांना आतापासून बरोबर घ्या. पोचांची फाइल, उधाणाची वही, ऑइलपेंटचा डबा, कुठल्या टेबलावर कोण बसतं त्याची यादी आणि व्हॉट्सॲप गटाचं ॲडमिनपद हे सगळं परीक्षेआधी त्यांच्या हाती द्या, आणि एकदा त्यांना सोबत घेऊन तहसील कार्यालयात जाऊन या. वहीची झेरॉक्स ग्रामपंचायतीत आणि शाळेच्या ग्रंथालयात एकेक ठेवा. तुम्ही गणपतीला घरी याल तेव्हा पहिल्या दिवशी नवीन मुलांची बैठक लावा. मुंबई मंडळात तुम्ही आता चाकरमानी म्हणून बसणार आहात, तिथे बांधाचा विषय मांडायचं काम तुमच्याकडेच आहे.